परदेशातल्या लॅबमध्ये सहा महिने काढायचे असतील तर आधी ‘हो’ म्हणणं कमी करा

गेल्या दोन महिन्यांत चार ज्युनियरनी मला हेच विचारलं, की जर्मनीला जायचंय सहा महिन्यांसाठी, लॅबमध्ये कसं असतं, काय काय घेऊन जाऊ. प्रत्येकाला चहा पाजून वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो म्हटलं. (मी मुलगी आहे आणि ‘टाकतो’च म्हणतो, बाहेरच्यांनी टायपिंगची चूक समजू नये. आमच्याकडं आई-आज्जीपण ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात.)

तर मी इथं कोल्हापुरात पीएचडी करतोय, विषय सुपरकपॅसिटरसाठी (म्हणजे पटकन चार्ज होणारं, वीज साठवणारं उपकरण) निकेल-कोबाल्टच्या पातळ फिल्म्स. पद्धत सिलार, म्हणजे स्टीलची पट्टी एका बीकरात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या बीकरात बुडवायची, परत धुवायची, असं साठ-सत्तर वेळा, मग कुठं डोळ्याला दिसेल असा थर चढतो. स्वस्तातलं काम, हाताची सवय लागते बस्स. तिकडं जर्मनीतल्या लॅबमध्ये सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत होतो.

जायच्या आधी वाटायचं की अडलं तर मशीनवर अडेल. मशीन आठवड्याभरात जमतं हो. मला अडवलं ते माझ्या तोंडातल्या ‘हो’नं. आपल्याला सवयच आहे, मोठं माणूस काही सांगतंय म्हटल्यावर मान हलवायची, कळलं का, हो सर, आणि बाहेर येऊन सिनियरला विचारायचं की सर काय म्हणाले रे मगाशी. इथं ते खपतं, कारण सरांनाही माहीत असतं हे पोरगं बाहेर जाऊन विचारणार आहे. तिकडं हो म्हणजे हो. तुम्ही हो म्हणालात की समोरचा माणूस वळून आपल्या कामाला लागतो, त्याच्या लेखी विषय मिटला.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात सेफ्टीचं ट्रेनिंग. ते झाल्याशिवाय आणि कागदावर सही केल्याशिवाय लॅबची किल्ली मिळत नाही. टेक्निशियन पन्नाशीचा माणूस, इंग्रजी बोलायचा पण जर्मन वळणाचं आणि भरभर. तासभर फिरवलं, आग लागली तर कुठनं बाहेर पडायचं, डोळे धुवायचा नळ, अंगावर ॲसिड सांडलं तर डोक्यावरचा शॉवर कसा ओढायचा, आणि फ्यूम हूडच्या (केमिकलच्या वाफा ओढून घेणारं कपाट) खाली ठेवलेले वेस्टचे, म्हणजे वापरून झालेल्या केमिकलचे कॅन. शेवटी विचारलं, सगळं समजलं? मी म्हटलं हो. कॅनच्या भागातलं निम्मं कळलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात कोण म्हणणार नाही कळलं म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात पट्ट्या साफ करत होतो. आधी नायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण, मग पाणी, मग ॲसिटोन. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलपासूनची माझी सवय म्हणजे नळ सोडायचा आणि ओतून टाकायचं, पण तेवढं तिकडं चालत नाही हे मला माहीत होतं, म्हणून अगदी शहाण्यागत ॲसिडचा बीकर घेऊन कॅनकडं गेलो आणि सकाळी ज्यात ॲसिटोन ओतलं होतं त्याचंच झाकण उघडलं. मागनं ‘हाल्ट!’ असा आवाज आला. खासबाग मैदानात कुस्ती लागल्यावर उठणारा आवाज मी ऐकलाय, पण हा एका माणसाचा होता, त्या टेक्निशियनचा. त्यानं बीकर ओढून घेतला नाही की काही नाही, म्हणाला आहे तिथं ठेव, झाकण लाव, दोन पावलं मागं ये.

कारण असं की नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन किंवा अल्कोहोल एका बंद डब्यात आलं की आत रिॲक्शन सुरू होते, कधी लगेच, कधी तासा-दोन तासांनी सगळे घरी गेल्यावर, गॅस साचत जातो, झाकण घट्ट, मग डबा फुटतो. जगभरच्या लॅबमध्ये असे अपघात झालेत. माझं ॲसिड पातळ होतं, कदाचित काही झालंही नसतं, पण त्याच कॅनमध्ये नंतर कोणी कडक ॲसिड ओतलं असतं तर?

मला वाटलं आता प्रोफेसरकडं तक्रार, मग इकडं आमच्या सरांना मेल, मग बोऱ्याबिस्तर. तो एवढंच म्हणाला की ट्रेनिंगला कळलं नव्हतं ना, मग तेव्हा सांगायचं. दुपारी जेवण झाल्यावर परत घेऊन गेला आणि ह्या वेळी मलाच बोलायला लावलं, कुठल्या कॅनमध्ये काय आणि का. चुकलो की थांबवायचा. त्या अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं आधीच्या तीन आठवड्यांत कळलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही शिका, कोणी काही समजावलं की ‘हो’ म्हणण्याऐवजी आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे मी आधी हे करणार, मग हे, बरोबर का? इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. नाही कळलं तर नाही कळलं म्हणा, कोणी हसत नाही. उलट मान हलवणाऱ्या माणसाचीच त्यांना जास्त भीती वाटते.

कॅनचं सांगायचं तर साधारण असं असतं, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन असली हॅलोजनवाली (क्लोरीनसारखं मूलद्रव्य असलेली) सॉल्व्हंट एकीकडं, ॲसिटोन-इथेनॉलसारखी बिनहॅलोजनची दुसरीकडं, ॲसिड वेगळं, आणि निकेल-कोबाल्टसारख्या धातूंचं पाणी त्याहून वेगळं. सिलारवाल्यांनी लक्षात ठेवा, पट्टी धुतलेलं ते पाणीसुद्धा सिंकमध्ये जात नाही, आणि आपलं तर धुण्याचंच पाणी लिटरनं निघतं. काच वेगळी, वापरलेले ग्लोव्ह्ज वेगळे. प्रत्येक लॅबचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळं पहिल्याच दिवशी विचारून कॅनचे फोटो काढा आणि वहीत मराठीत लिहून ठेवा. घाईच्या वेळी डोकं मराठीतच चालतं.

ग्लोव्ह्जचं अजून एक. ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानं दाराची कडी, लिफ्टचं बटण, फोन, कॉम्प्युटर, काहीही शिवायचं नाही. एका हातात बाटली असेल तर त्या हातात ग्लोव्ह, दार उघडायचा हात उघडा. सुरुवातीला हसू येतं, मग आपण केमिकलचा हात कुठंकुठं लावत होतो ते आठवून हसू जातं. आणि चपला. इथं आपण धूळ नको म्हणून कित्येक लॅबच्या दारात चपला काढून अनवाणी आत जातो, तिकडं ह्याच्या बरोब्बर उलटं, पाय पूर्ण झाकणारे बूट पाहिजेत. माझ्या कोल्हापुरी सहा महिने कपाटात पडून होत्या.

रात्री उशिरा, रविवारी एकट्यानं प्रयोग करायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, कारण काही झालं तर उचलणारं कोणी पाहिजे. आपल्याकडं रात्री बारापर्यंत लॅबमध्ये बसणारं पोरगं म्हणजे कष्टाळू. तिकडं रोज आठपर्यंत बसलं की लोक विचारतात, दिवसा काम होत नाही का? मला पहिल्यांदा राग आला होता. नंतर बघितलं तर ती माणसं सकाळी साडेआठला येऊन पाचला जात होती आणि मधल्या वेळात मोबाईल बघत नव्हती.

आता जायच्या आधीची कामं, भराभर सांगतो. डाडसारखी (जर्मनीची विद्यार्थी-संशोधकांसाठीची संस्था, DAAD) स्कॉलरशिप असो नाहीतर दोन प्रोफेसरांची आपापसातली ओळख, आमंत्रणाचं पत्र नीट बघून घ्या, किती महिने, कुठलं काम, पैसे कोण देणार, कुठली मशीन वापरायला मिळणार हे त्यात पाहिजे. नव्वद दिवसांच्या वर राहायचं तर नॅशनल व्हिसा लागतो, शेंगेनचा टुरिस्ट चालत नाही, आणि अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो म्हणून पत्र आलं त्या दिवशीच मागं लागा. सॅम्पल न्यायचे असतील तर कोटिंग केलेल्या पट्ट्या डबीत, वर नावं, सोबत दोन्हीकडच्या प्रोफेसरांचं पत्र. पावडरीच्या बाटल्या बॅगेत टाकून न्यायच्या भानगडीत पडू नका, एअरपोर्टवर पांढरी पावडर काय आहे हे समजावत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. केमिकल तिकडं मिळतात.

पोचल्यावर घराचा पत्ता सरकारी ऑफिसात नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो घर ठरवतानाच मागून घ्या, कारण पुढं बँकेचं, इन्शुरन्सचं सगळं त्या नोंदणीवर येऊन थांबतं. मेडिकल इन्शुरन्स तर लागतोच, पण अजून एक छोटा असतो, हाफ्टफ्लिश्ट नावाचा, आपल्या हातनं दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर भरून देणारा. तो काढा आणि त्यात किल्ली हरवणं धरलंय का ते आधी विचारा. तुम्ही म्हणाल किल्लीचं काय एवढं. अहो एका किल्लीवर सगळी बिल्डिंग चालते, ती हरवली तर कधी कधी सगळी कुलपं बदलायला लागतात आणि बिल तुमच्या नावावर. मी पहिल्या दिवसापासून गळ्यात दोरी घालून फिरत होतो, शाळेच्या ओळखपत्रागत.

आता माणसं. ह्यातच खरी गंमत आहे.

सर, मॅडम सोडायला मला महिना लागला. प्रोफेसर दुसऱ्याच दिवशी म्हणाले की मला नावानं हाक मार, माझ्या तोंडातनं नाव निघेना, मग मी काय केलं, हाकच मारायची बंद केली. समोर जाऊन उभं राहायचं आणि त्यांनी बघायची वाट बघायची. तुम्ही असलं करू नका. नियम सोपा आहे, मेलमध्ये पहिल्यांदा पूर्ण मानानं, प्रोफेसर आणि आडनाव, त्यांनी उत्तरात खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं की तुम्ही पण नावावर या. जर्मन बोलायला लागलात तर आपल्या तू-तुम्हीसारखं डू आणि झी आहे. डू म्हणायची परवानगी मोठ्या माणसाकडनं यायची असते, आपण होऊन घ्यायची नाही. हे मराठी माणसाला सांगायला लागत नाही म्हणा. मेल मात्र छोटा. ‘आदरणीय सर, आपल्या कृपेने’ वगैरे इंग्रजीत लिहिलेला माझा पहिला मेल मी अजून जपून ठेवलाय, उदास वाटलं की वाचतो.

ग्रुप मीटिंगमध्ये माझं पहिलं प्रेझेंटेशन, पाचव्या स्लाइडला एक पोरगी, माझ्यापेक्षा लहान, सरळ म्हणाली की मला हे पटत नाही, तुझी कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) जास्त दिसते कारण मटेरियलचं वजन फार कमी आहे, वजनातली चूक किती धरलीस? घाम फुटला. इथं असतं तर आठवडाभर बोललो नसतो तिच्याशी. मीटिंग संपली आणि तीच कॉफीला चल म्हणून आली, जसं काही झालंच नाही. आणि तिचं बरोबर होतं ओ, पट्टीवर मिलिग्रॅमच्या आत मटेरियल असलं की वजनात थोडं इकडंतिकडं झालं तरी आकडा लय फुगतो. पुढं मी प्रत्येक पट्टी तीनदा मोजली. प्रश्न कामाला असतो, तुम्हाला नसतो, हे ऐकून पटत नाही, दोन-तीन मीटिंगा खायला लागतात. तुम्ही पण विचारा. गप्प बसलेल्या पाहुण्याला ते सभ्य समजत नाहीत, त्याला ह्यात रस नाही असं समजतात.

प्रेझेंटेशन संपल्यावर सगळे बोटांनी टेबलावर टकटक करायला लागले. मला वाटलं आवरा आता, वेळ झाली. तर ती टाळी होती. विद्यापीठात तिकडं टाळ्यांऐवजी टेबल वाजवतात.

वेळेचं पण ऐकून ठेवा. मीटिंग दहाला म्हणजे नऊ अठ्ठावन्नला खुर्चीत. पण लेक्चरच्या बोर्डवर दहा सी.टी. असं लिहिलेलं असेल तर ते सव्वादहाला सुरू होतं, जुनी विद्यापीठातली पद्धत आहे, आणि एस.टी. लिहिलं असेल तर अगदी दहाच्या ठोक्याला. एस.टी. म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लाल डबा येतो, त्यामुळं मला हे कायमचं लक्षात राहिलं. मशीनचं बुकिंग कॅलेंडरवर असतं. दोन ते चार एक्सआरडी (एक्स-रेनं सॅम्पलची रचना बघायचं मशीन) घेतला असेल तर चारला दुसरा माणूस दारात उभा असतो, आणि सॅम्पल तयार नसेल तर आदल्या दिवशीच बुकिंग सोडून द्यायचं. शेवटच्या क्षणी ‘अरे तेवढं माझं एक सॅम्पल घालशील का मधे’ हे आपलं हुकमी वाक्य तिकडं निघत नाही.

कॉफीला जा. पीत नसाल तरी जा. मी पहिले दोन आठवडे काम आहे म्हणून गेलो नाही, आणि मग कळलं की कोणाच्या मशीनवर जागा आहे, कुठला सॉल्व्हंट संपलाय, कोण कोणाच्या पेपरवर अडलंय, हे सगळं तीनच्या कॉफीला ठरतं. आपल्याकडं टपरीवर ठरतं तसंच की. कॉफीच्या मशीनशेजारी एक यादी लटकलेली असते, कप घेतला की आपल्या नावापुढं एक रेघ मारायची, महिन्याच्या शेवटी पैसे भरायचे. कोणी बघत नाही आणि सगळे मारतात. दुपारचं जेवण साडेअकरालाच, सगळे मिळून मेन्सात म्हणजे कॅन्टीनला, जिन्यात भेटलेला प्रत्येक जण ‘माल्त्साइट’ म्हणतो, त्याला तेच उलट म्हणायचं. तिथं गावाबद्दल विचारतात. मी आधी चपलांचं सांगितलं, २०१९ ला जीआय (त्या भागाचीच वस्तू असल्याचं मानांकन) मिळालं वगैरे, ते त्यांनी ऐकून घेतलं. पण राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली गावात बोर्डिंग काढायला सुरुवात केली, पुढं एकेका समाजाच्या पोरांसाठी अशी कितीतरी निघाली, हे सांगितलं तेव्हा तो टेक्निशियन काटा खाली ठेवून ऐकत बसला. त्याची मुलगी त्या वर्षी दुसऱ्या गावात होस्टेल शोधत होती.

वाढदिवसाला केक आपणच न्यायचा. मी वाट बघत बसलो की कोणीतरी विश करेल, संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ताच नाही. ज्याचा वाढदिवस तोच किचनमध्ये केक ठेवतो आणि सगळ्यांना मेल टाकतो. आणि आदल्या दिवशी कोणाला शुभेच्छा देऊ नका, ते अपशकुन मानतात.

खाण्याचं म्हणाल तर कांदा-लसूण मसाला न्या, तीन पिशव्यांत बांधून, नाहीतर सगळे कपडे सहा महिने मिसळ पाव. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, त्यामुळं पेढे आणि तूप आईच्या हातातनं परत काढायला लागतं, तिची समजूत घालायला दोन दिवस आधी सुरुवात करा. होस्टेलच्या किचनमध्ये फोडणी टाकायच्या आधी खिडकी उघडा, छतावर धुराचा अलार्म असतो, माझ्या पहिल्या फोडणीला अख्खा मजला बाहेर आला. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो आणि त्या महिन्यात विनाकारण रडू येतं, ते सगळ्यांनाच येतं. दुपारी जेवल्यावर वीस मिनिटं उजेडात चाला, मला त्याचाच उपयोग झाला.

दोन गाईड सांभाळणं हे एक वेगळंच काम. दर शुक्रवारी दोघांना मिळून एकच मेल टाकायचा, ह्या आठवड्यात काय केलं, काय फसलं, पुढं काय. वेगवेगळे मेल टाकलेत की तिसऱ्या महिन्यात दोघांच्या डोक्यात दोन वेगळे प्रोजेक्ट तयार होतात. पेपरवर कोणाचं नाव कुठं हे पहिल्या महिन्यातच लेखी विचारा, नवीन पाहुण्यानं विचारलेलं कोणाला खटकत नाही, डेटा आल्यावर विचारलेलं सगळ्यांना खटकतं. आणि घड्याळ. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर मागं घेतात आणि फरक साडेचार होतो. मी त्यांच्या अकराला कॉल लावायचो, इकडं सर अडीचला बसायचे. त्या सोमवारी सर अडीचला बसले, मी साडेतीनला उगवलो. सर काही बोलले नाहीत, ते जास्त वाईट.

निघायच्या शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन प्रयोग सुरू करू नका, कितीही मोह झाला तरी. डेटाची कॉपी परवानगी घेऊन घ्या, लॅबची वही तिथंच राहते, म्हणून आपली वही पहिल्यापासून वेगळी ठेवा. सॅम्पलची यादी करा, कुठला डबा, कुठलं कपाट. पत्त्याची नोंदणी रद्द करून त्याचा कागद घ्या, घराच्या डिपॉझिटला आणि इन्शुरन्स बंद करायला लागतो.

किल्ली द्यायच्या दिवशी टेक्निशियन माझा ड्रॉवर आणि बेंच बघायला आला. सगळं पुसलेलं, सगळ्या बाटल्यांवर नाव, तारीख, काय आहे ते. मला वाटलं आता तरी खूश होईल. त्यानं कोपऱ्यातली एक धुण्याची बाटली उचलली, तेवढ्या एकीवर काही लिहिलेलं नव्हतं. विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं पाणी आहे, नुसतं पाणी, आत्ताच भरलंय. त्यानं खिशातनं मार्कर काढला आणि माझ्या हातात दिला.